पाचव्या तळ्याचा साकव

१२ ऑगस्ट

वहिनी,

नमस्कार. तुमच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, म्हणून आधीच कान पकडतो. दादा असता तर म्हणाला असता, "मावसभाऊ आहे म्हणून सोडतो, सख्खा असता तर कधीच नाव टाकलं असतं."

मागच्या पत्रात तुम्ही विचारलं होतंत की भाऊजी, तुम्ही तिथे वर नेमकं करता तरी काय. इतक्या वर्षांनी विचारलंत, म्हणजे इतकी वर्षं मी नुसता हवा खातो असंच वाटत होतं तुम्हाला. तर ऐका. आमच्या उद्यानात पाच तळी आहेत, एकाखाली एक, पाचवं सगळ्यांत वर. हिमनदी मागे सरकताना डोंगरात खळगे करून गेली आणि ते पाण्याने भरले. वरचं भरलं की खालच्यात सांडतं, ते भरलं की त्याच्या खालच्यात. प्रत्येक ओढ्यावर चालणाऱ्यांसाठी एक साकव आहे. साकव म्हणजे काय, दोन ओंडके आणि वर फळ्या. हिवाळ्यात ओढा गोठून फुगतो आणि असेल नसेल ते लाकूड चिरडतो, म्हणून बर्फाआधी सगळे साकव उचलून काठावर पालथे घालायचे आणि बर्फ वितळलं की पुन्हा टाकायचे. मुलगा काय करतो ह्याचं उत्तर "पूल टाकतो आणि काढतो" असं असल्यावर मी सडाफटिंग राहिलो ह्यात नवल ते काय.

साकव उचलण्याआधी कर्णा फुंकायचा. पितळी आहे, माझ्या हाताएवढा लांब. पलीकडे कुणी असेल तर त्याने ऐकून निघावं. मग स्टोव्हवर चहा ठेवायचा, सावकाश प्यायचा, पुन्हा एकदा फुंकायचं, आणि तरी कुणी आलं नाही तर उचलायचा. माझ्या आधीच्या म्हाताऱ्याने मला हेच शिकवलं आणि त्याला त्याच्या आधीच्याने. आवाज कड्यावर आपटून परत येतो. बहिऱ्यालासुद्धा ऐकू जाईल, असं आम्ही गमतीने म्हणतो.

आता मुद्द्याचं. भुंग्याला पाठवा. दादा त्याला आणणार होता, ते राहूनच गेलं. हंगाम संपायला आला की गर्दी नसते आणि मलाही फुरसत असते. पोराला पाचही तळी दाखवतो. तुम्हीही या म्हटलं असतं, पण तुम्ही शिलाईमशीन सोडून कुठे जात नाही हे मला ठाऊक आहे.

तुमचा दीर


३० ऑगस्ट

भाऊजी,

तुमचं पत्र भुंग्याने माझ्या आधी फोडलं आणि मला मोठ्याने वाचून दाखवलं. तेव्हापासून त्याने बॅगच काढून ठेवली आहे. मी नको म्हणायची सोय राहिली नाही.

खरं सांगायचं तर माझं मन घेत नव्हतं. चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या आणि घरी येऊन खिडकीशी बसायचं, एवढंच त्याचं जग. आता सव्वीस पुरे झाले तरी गर्दीत माझ्या मागेच उभा राहतो. त्यातून एका मुलीकडच्यांनी पसंती कळवली आहे, पुढच्या वर्षीच्या सुरुवातीचा मुहूर्त म्हणतायत, आणि मला त्यात काही विघ्न नको. पण वडिलांनी कबूल केलेली गोष्ट आहे, म्हणून पाठवते.

दोन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे त्याच्याशी समोर बसून बोला. तुमची मिशीतल्या मिशीत पुटपुटायची सवय मला लग्नापासून माहीत आहे, मलासुद्धा तुमचं अर्धं कळत नाही. तो भिडस्त आहे, पुन्हा विचारणार नाही, नुसता हसेल. दुसरं म्हणजे त्याला वर एकट्याला सोडू नका.

मी बरी आहे. एका सभागृहाच्या लाल पडद्यांचं काम आलंय. दुकानभर लाल कापड पसरलंय, मालकीणबाई त्यावरून उड्या मारत गल्ल्यापर्यंत जातात. गुडघा कुरकुरतो, पण मशीनच्या पायट्यावर ठेवला की गप्प बसतो.

तुमची वहिनी


९ ऑक्टोबर

वहिनी,

तुमचा लेक आज संध्याकाळी खाली उतरला. बसस्टँडजवळच्या लॉजवर मुक्काम करून उद्या सकाळच्या गाडीने तिकडे निघेल, म्हणजे पत्राच्या आधी तोच पोचेल. तरी लिहितो, कारण तो गेल्यावर माझी खोली ओकीबोकी झाली आणि करायला काही सुचेना.

काय गुणी पोर आहे हो. पाहुणा म्हणून आला आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या चष्म्याच्या काचा काढून, घासून, पुन्हा बसवून दिल्या. आता मला कड्यावरची भेगसुद्धा दिसते. चालताना सतत गुणगुणतो, भुंगा नाव शोभतं. आम्ही चार तळी केली. पहिल्यात बदकं पाहिली, दुसऱ्यात त्याने पाय घातला आणि असा काही बाहेर काढला की माझा कामावरचा जोडीदार हसून हसून खाली बसला. तिसऱ्याचं पाणी हिरवं का, चौथ्याचं दुधासारखं का, सगळं विचारून घेतलं. मी सांगायला लागलो की माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचा. इतकं लक्ष देऊन माझं बोलणं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

आणि एक गंमत. त्याने मला मिशी काढायला लावली. "काका, दहा वर्षांनी तरुण दिसाल," म्हणाला. काढली. अख्ख्या उद्यानात चर्चा आहे, साहेबांनी तर मला नवीन माणूस समजून नाव विचारलं.

पाचवं तळं मात्र दिसलं नाही. रोज वर जायचो आणि रोज धुकं. पुढच्या वर्षी बघू म्हटलं, तर नुसता हसला. उद्या हवा उघडेल असं वाटतंय. मीही उद्या वर जाऊन पाचव्याच्या साकवापासून उचलायला घेतो.

त्याच्या लग्नाला मला पहिल्या रांगेत बसवा. मिशी नसली तरी.

तुमचा दीर


६ नोव्हेंबर

वहिनी,

त्या दिवशी त्याला घेऊन तुमच्या दारात उभा राहिलो. तुम्ही मला पाणी दिलंत.

कसं घडलं ते तुम्हाला माझ्याकडूनच कळायला हवं. तो गाडीत बसलाच नाही. लॉजवाला म्हणतो, पहाटे खिडकीतून वरचा डोंगर स्वच्छ दिसला तसा तो बॅग तिथेच ठेवून निघाला, "संध्याकाळच्या गाडीने जातो," म्हणाला. आमच्या आधीच वर चढला आणि साकव ओलांडून पाचव्या तळ्यावर गेला. पलीकडच्या काठाला एक घराएवढा खडक आहे, त्याच्या आड बसला होता. तिथे त्याच्या डब्याचं झाकण सापडलं.

मी आणि जोडीदार मागाहून पोचलो. मी कर्णा फुंकला. चहा केला, प्यालो. पुन्हा फुंकला. पलीकडे कुणी दिसलं नाही. तो शहराच्या वाटेला लागला असेल ह्याच हिशोबात मी होतो. आम्ही साकव उचलला आणि खाली आलो. तो परतला तेव्हा ओढ्यावर काही नव्हतं. चालत पार करू म्हणून उतरला असणार. ते पाणी माणसाला उभं राहू देत नाही, वहिनी. चौथ्या तळ्यात सापडला.

ऑफिसात साहेबांनी विचारलं, मुलाला कर्णा ऐकू कसा गेला नाही. मी म्हटलं, वारा उलटा होता आणि माझी फुंक कमी पडली. तसंच झालं असणार.

त्याचे कपडे धुऊन पार्सलने पाठवतोय. जाकीट अजून दमट असेल, उन्हात घाला. तुम्ही एकट्याला सोडू नका म्हणाला होतात.


२० नोव्हेंबर

भाऊजी,

पार्सल मिळालं. जाकीट वाळलं.

कुणाचा दोष नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मुलीकडचे भेटून गेले, चांगली माणसं आहेत. मी दुकानात जायला लागले आहे, पडदे द्यायची तारीख जवळ आली.

जास्त लिहवत नाही.

वहिनी


१८ डिसेंबर

वहिनी,

तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. "कुणाचा दोष नाही" असं तुम्ही लिहिलंत, पण चार ओळींत लिहिलंत. एरवी तुम्ही मला गुडघ्याचीसुद्धा हकीगत कळवता. मी समजायचं ते समजलो. तुमच्या जागी मी असतो तर एवढंही लिहिलं नसतं.

इकडचं सांगतो. कर्णा माझ्याकडून काढून घेतलाय. मला गोदामात बसवलं आहे, फावडी मोजायला. साहेब वाईट माणूस नाही, चौकशी होईपर्यंत असंच करावं लागतं म्हणाला. फेब्रुवारीत बाहेरची माणसं येणार आहेत. जोडीदार त्यांना सांगणार आहे की कर्णा नेहमीसारखाच दणदणीत वाजला. बिचारा माझी बाजू घेतोय. मी त्याला म्हटलं, तू ह्यात पडू नकोस.

मी ठरवलंय. माझा दम आता पुरत नाही, मी नीट फुंकला नाही, असं लिहून द्यायचं आणि मोकळं व्हायचं. मग नोकरी जाईल आणि ही खोलीही सोडावी लागेल, ती उद्यानाची आहे. कुठे जायचं ते ठरवलं नाही. ह्या वयात दुसरं काम कोण देणार, आणि मला दुसरं येतं तरी काय. पण त्यांचं मिटेल आणि तुम्हालाही कुणाकडे बोट दाखवायचं ते कळेल.

चहा सोडलाय. ठेवला की उकळेपर्यंत थांबवत नाही.

तुमचा दीर


१० जानेवारी

भाऊजी,

काहीही लिहून देऊ नका. आधी हे पत्र शेवटपर्यंत वाचा.

भुंग्याला ऐकू येत नव्हतं.

शाळेत घालायच्या आधी मोठा ताप आला होता, त्यात डावा कान पार गेला. उजवा थोडा राहिला, तोही वर्षागणिक कमी होत गेला. तुमच्या दादांनी आणि मी ठरवलं की कुणाला कळू द्यायचं नाही. लोक नावं ठेवतील, शाळेत मुलं छळतील, पुढे नोकरी मिळणार नाही, लग्न जमणार नाही, अशी सगळी भीती होती. मग आम्ही त्याला शिकवलं. पाहुण्यांत भिंतीशी बसायचं, डावी बाजू भिंतीकडे. बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघायचं. कळलं नाही तर हसायचं, पुन्हा विचारायचं नाही. केस कानांवर राखायचे. कानातलं यंत्र आणलं, पण बाहेरचं माणूस आलं की ते काढायचं. त्यासाठी मी त्याच्या प्रत्येक शर्टाच्या, प्रत्येक जाकिटाच्या कॉलरच्या आत एक चोरखिसा शिवायची. तो गुणगुणायचा तेही त्यामुळेच. स्वतःचा आवाज आतून घुमतो, तेवढाच त्याला पुरा मिळायचा. आम्ही कौतुकाने भुंगा म्हणायला लागलो, म्हणजे लोकांना ती सवय वाटेल.

मुलीकडच्यांनाही सांगितलं नव्हतं. लग्नानंतर सांगू असं माझ्या मनात होतं.

तुमच्या त्या पत्रातलं "बहिऱ्यालासुद्धा ऐकू जाईल" हे वाक्य त्याने मला वाचून दाखवलं आणि आम्ही दोघं हसलो. त्या दिवशी मी तुम्हाला लिहायला हवं होतं. हातात पेन होतं. लिहिलं काय, तर समोर बसून बोला. तुमच्या मिशीवर ढकललं. एकट्याला सोडू नका म्हटलं आणि का ते सांगितलं नाही. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही त्याला गाडीत बसवून, गाडी हलल्यावरच वर गेला असतात, हे मी तुम्हाला ओळखते म्हणून सांगते.

त्याने यंत्र कानात का घातलं नसेल, ह्याचा विचार करून मी थकले. वाऱ्यात ते नुसतं घोंघावतं असं तो म्हणायचा, मोकळ्यावर काढून ठेवायचा. मी स्वतःला तेच कारण सांगते. पण कदाचित वाटेत कुणी भेटेल म्हणून आईने शिकवल्याप्रमाणे काढलं असेल. आता कुणाला विचारू? पार्सल आलं तेव्हा पहिल्यांदा कॉलर चाचपली. खिसा रिकामा होता. पाण्याने नेलं.

सांत्वनाला येणारे म्हणतात, किती धडधाकट मुलगा, कसली म्हणून खोट नव्हती. मी मान डोलावते. तो गेल्यावरसुद्धा मी त्याला लपवतेच आहे. म्हणून तुम्हाला चार ओळी लिहिल्या. पाचवी ओळ लिहिली असती तर हेच बाहेर आलं असतं.

तुमचा दम कमी पडला नाही. तुम्ही दिवसभर फुंकत राहिला असतात तरी त्याला कळलं नसतं. हे पत्र त्या माणसांना दाखवा.

वहिनी


२ फेब्रुवारी

वहिनी,

मला माहीत होतं.

तो सापडला तेव्हा त्याला बाहेर काढणारा पहिला मी होतो. जाकिटाची कॉलर सरळ करताना बोटाला काहीतरी टणक लागलं. चोरखिसा होता, वर बटण लावलेलं. दादाच्या जाकिटालाही तुम्ही पाकिटासाठी असाच शिवून दिला होता, उलट्या टाक्याचा. मी तो ओळखला. आत ते यंत्र होतं. बाकीची माणसं स्ट्रेचर आणायला गेली होती, तेवढ्यात मी ते माझ्या खिशात टाकलं.

मग एकेक उलगडत गेलं. मिशी, माझ्या तोंडाकडे बघणं, चालताना नेहमी माझ्या डाव्या हाताला राहणं. मी आपला खूश, की पोराला माझं बोलणं आवडतंय.

मी कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, एवढी वर्षं ह्या माउलीने झाकून ठेवलं, ते मी ऑफिसच्या टेबलावर मांडू? ते लिहितील, चूक मुलाची, चूक घरच्यांची, आणि शिक्का मारून मोकळे होतील. तुमच्या मागे लोक बोलतील ते वेगळंच. मी तसाही संपत आलेला माणूस, माझ्या नावावर गेलं तर कुणाचं काय बिघडतं. दादाच्या मुलासाठी एवढं तरी करता यावं.

म्हणून तुमचं पत्र मी दाखवलं नाही. चौकशी महिनाअखेरीवर गेली आहे, तेव्हाही दाखवणार नाही. तुम्ही मला कळवलंत, माझ्यापुरतं ते पुष्कळ झालं. कितीतरी दिवसांनी झोप लागली.

यंत्र सोबत पाठवतोय. रुमालात गुंडाळलंय. रुमाल त्याचाच आहे.

तुमचा दीर


११ फेब्रुवारी

भाऊजी,

यंत्र मिळालं. दिवसभर पदराला बांधून दुकानात काम केलं.

तुम्ही मोठ्या मनाने केलंत हे मला कळतं, आणि तरी मला तुमचा राग आलाय. आजवर आला नव्हता, आज आलाय. तुम्ही माझी लाज झाकलीत. ती मी झाकत होते म्हणून तो गेला, आणि आता तुम्हीही तेच करताय. मीही तुमच्याशी तेच केलं, तो राग वेगळा, तो माझा मलाच आहे.

तुम्ही म्हणता, तुमच्या नावावर गेलं तर काय बिघडतं. तुम्ही गेलात की तुमच्या जागी दुसरा येईल. चांगल्या दमाचा, तरुण. तो कर्णा फुंकेल, चहा पिईल आणि साकव उचलेल. कुणालाच कळणार नाही की खोट फुंकेत नव्हती. पलीकडे कुणाचा तरी बहिरा मुलगा बसलेला असेल, किंवा कान गेलेली एखादी म्हातारी, आणि आपण दोघं आपापल्या खोल्यांत एकमेकांची अब्रू राखत बसलेले असू.

मी वाट बघितली नाही. ऑफिसला मी स्वतः लिहिलं आहे, डॉक्टरांचे जुने कागद जोडून. मुलीकडच्यांनाही सांगून आले. मुलगी म्हणाली, "मला पहिल्याच भेटीत कळलं होतं. मला चाललं असतं." भाऊजी, ती तसं म्हणाली आणि मी त्यांच्या जिन्यात बसून राहिले. किती जणांना चाललं असतं ते आम्ही कधी विचारलंच नाही.

आता कामाचं ऐका. सभागृहाच्या पडद्यांचं लाल कापड उरलंय, मालकीणबाईंनी मला देऊन टाकलं. त्याची पाच निशाणं शिवते, प्रत्येक तळ्याला एक, दुहेरी शिवणीची, वाऱ्याने फाटणार नाहीत अशी. साकव उचलायच्या आदल्या दिवसापासून ती उंचावर लावायची, त्या खडकाआडूनही दिसतील अशी. आणि वर जाणाऱ्या प्रत्येकाला खालीच सांगायचं की लाल दिसलं की परत फिरा. कर्णा वाजवा, कोण नको म्हणतंय. पण कर्ण्यावर विसंबू नका. हे चौकशीच्या माणसांना तुम्ही सांगा, तोंडाने, मिशीआड न लपता.

वहिनी


१२ सप्टेंबर

वहिनी,

हंगामभर गोदामातून मान वर काढायला मिळाली नाही, म्हणून उशीर. आता कान पकडण्याचीही लाज वाटते.

कर्णा मला आता परत मिळाला. तुमच्या पत्रामुळे मिळाला हे तुम्हालाही ठाऊक आहे, त्यामुळे आभार मानत नाही. चौकशीत मी बोललो. मध्येच रडलो, पण बोललो. त्या माणसांतल्या एका बाई म्हणाल्या, त्यांच्या वडिलांनाही ऐकू येत नाही आणि ते दरवर्षी इथे येतात.

निशाणांना मंजुरी आली. साहेबांनी खांब रोवून दिलेत, पाचव्या तळ्याचा टेकाडावर, सगळ्यांत उंच. आता एक मोठं संकट असं की निशाण चढवायची दोरी मला नीट बांधता येत नाही. तुमच्या पोराने ते एका झटक्यात केलं असतं.

ऑक्टोबरात साकव उचलायला घेईन. ह्या खेपेला तुम्ही यावं असं मला वाटतं. चढ अवघड आहे, पण आपण सावकाश जाऊ आणि मध्ये तिसऱ्या तळ्याच्या झोपडीत मुक्काम करू. नाही म्हणालात तरी चालेल. मिशी वाढवलेली नाही.

तुमचा दीर


१९ ऑक्टोबर

भाऊजी,

सुखरूप पोचले. गुडघ्याने गाडीत जे काही ऐकवलं ते तुम्हाला लिहीत नाही.

तुम्ही मला पाचही तळी दाखवलीत. चौथ्यापाशी तुम्ही पुढे निघून गेलात आणि मला एकटीला बसू दिलंत, ते माझ्या लक्षात आलं होतं. पाणी खरंच दुधासारखं आहे. त्यात हात घातला आणि काढला नाही, कळ कोपरापर्यंत आली तरी. त्याला किती थंड लागलं असेल एवढंच मला बघायचं होतं. कळलं, आणि कळून काही उपयोग नाही.

एका गोष्टीत तुमच्याशी खोटं वागून आले, ती सांगायची राहिली तर पुन्हा तेच सुरू होईल, म्हणून हे पत्र.

पाचव्या तळ्यावर मी म्हटलं, तो बसला होता तिथे मी जाऊन बसते, तुम्ही नेहमीसारखं तुमचं काम करा. तुम्ही पलीकडे सोडून आलात. नंतर मी साकव ओलांडून आले तेव्हा तुम्ही विचारलंत, "वहिनी, कर्णा ऐकू आला ना नीट?" मी मान हलवली. तुमच्या चेहऱ्यावर इतकं समाधान दिसलं की मला पुढे बोलवलं नाही.

मी कर्णा ऐकला नाही, भाऊजी. खडकाआड गेल्यावर मी कानांत कापूस कोंबला, वरून मेण दाबलं आणि डोक्याला शाल घट्ट गुंडाळली. तुम्ही कधी फुंकलात, किती वेळा फुंकलात, मला काही कळलं नाही. तिथे फार शांत आणि फार सुंदर होतं. पाण्यात अख्खा कडा उतरला होता. त्याला ते दिसलं, ते बघण्यासाठीच तो आला होता, ह्याचं मला त्या क्षणी बरं वाटलं आणि मग खूप रडू आलं. रडणंही नीट ऐकू येईना. मग मी गुणगुणून पाहिलं. तेवढं मात्र ऐकू आलं, आतून, अगदी भरून. लहानपणापासून तो काय करत होता ते मला त्या दिवशी कळलं.

किती वेळ बसले कुणास ठाऊक. मान वळवली तर टेकाडावर लाल दिसलं. माझ्याच हातची शिवण, ताठ फडफडत होती. मी उठले, पदर खोचला आणि खाली उतरत आले. साकव जागेवर होता. पलीकडे तुम्ही चहा गाळत होतात.

भुंग्याची आई